हजार मीटरची रेषा

क्रनच्या तळ्यावर एका दिवसाची सहल काढू या, असं मी बायकोला म्हणालो. हवा छान आहे, पाय मोकळे होतील, तळं पाहून होईल, वगैरे. मिलोयका कांदा चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, "तुझे पाय निवृत्तीपासून स्वयंपाकघर ते खिडकी एवढेच चालतात, आणि त्यांची काही तक्रार नाही. खरं काय ते सांग."

खरं असं होतं, की मला हुमारला हजार मीटरच्या वर न्यायचं होतं.

आमच्या डोंगरांत एक रीत आहे. हजार मीटर ओलांडले की सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात. खाली जो 'अहो न्यायाधीशसाहेब' असतो, तो वर 'अरे, जरा ते मीठ सरकव' होतो. दातांचे डॉक्टर, धर्मगुरू, पूर्वीचे मंत्री, कोणालाच यातून सूट नाही. खाली उतरलं की पुन्हा ज्याचा त्याला 'तुम्ही' परत मिळतो, जसा वस्तुसंग्रहालयाच्या दारात ठेवलेला कोट मिळतो. हा नियम कुठंही लिहिलेला नाही. म्हणूनच बहुधा तो आमच्या देशात पाळला जातो.

आता हुमार. अल्बेर्ट हुमार आमच्या डोक्यावर राहतो, म्हणजे चौथ्या मजल्यावर. तोल्मिनच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे तो न्यायालयाच्या कचेरीत कारकून झाला, मी भूमापन कचेरीत. आयुष्यभर तो कागदाला शिक्के मारत राहिला आणि मी जमिनीला. तो माझा बेर्ती होता. मग अकरा वर्षांपूर्वी इमारतीमागच्या बागेच्या वाफ्यांवरून भांडणं सुरू झाली आणि गृहसमितीनं मला सामायिक पायवाट मोजायला सांगितली. मी मोजली. बेर्तीच्या वाफ्यातलं अंजिराचं रोप अठरा सेंटिमीटर पायवाटेवर आलेलं निघालं. सभेत मी आकडा वाचून दाखवला, कारण आकडा हा आकडा असतो. ते रोप त्याच्या बायकोनं, झोफ्कानं, आजारपणातल्या शेवटच्या वसंतात लावलं होतं. ते हलव असं कोणीच म्हणालं नाही. पण इतिवृत्तात नोंद झाली, आणि नोंद झाली म्हटल्यावर बेर्ती स्वस्थ बसणारा नव्हता. भर जुलैत त्यानं स्वतः कुदळ घेऊन ते अठरा सेंटिमीटर मागे नेलं. ऑगस्टात ते वाळलं.

ते वाळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी जिन्यात तो मला म्हणाला, "सुप्रभात, रुटारसाहेब. तुम्हांला आणखी काही मोजायचं असलं तर कळवा."

'तुम्ही'चं 'तू' होताना आमच्याकडे पेले भरतात, हात हातांत गुंफून पितात, गालाला गाल लावतात. 'तू'चं 'तुम्ही' करायला मात्र कसलाच विधी नाही, कारण तसं कोणी करतच नाही. हुमारनं केलं. जिन्यात आमची गाठ दिवसाला सरासरी दीड वेळा पडते. अकरा वर्षांचे सहा हजार बावीस 'तुम्ही' मी झेलले आहेत, लीप वर्षं सोडून. आणि झेलून परत फेकलेही आहेत, कारण मलाही मान आहे.

हे असंच मरेपर्यंत चाललं असतं. पण तळमजल्यावरच्या स्लावित्साबाई म्लेकुझ, ज्यांच्या खिडकीखालून गेल्याशिवाय आमच्या इमारतीतली कुठलीही बातमी बाहेर पडत नाही, त्यांनी सांगितलं की हुमार ऑक्टोबरात मुलीकडे राहायला जाणार. कायमचा. मुलगी कोपरला असते, समुद्राकाठी. उंची तीन मीटर.

"एकदा तीन मीटरवर गेलेला माणूस पुन्हा हजारावर यायचा नाही," मी मिलोयकाला म्हणालो.

"मग आत्ता वर जा ना," ती म्हणाली. "एकच मजला आहे. दार वाजव आणि म्हण, बेर्ती, मला माफ कर."

बायकांना मोजमापातलं काही कळत नाही. एक मजला म्हणजे दोन मीटर ऐंशी. त्यापेक्षा हजार मीटर चढणं किती सोपं!

योजना साधी होती. प्रवेशदाराच्या फलकावर सूचना लावायची: 'रविवारी क्रनचं तळं, सर्व रहिवाशांना आमंत्रण.' 'सर्व'मध्ये हुमार आपोआप येतो. मी त्याला बोलावलं असं होत नाही, तो माझ्यासाठी आला असं होत नाही. वर गेलो की रीतीप्रमाणे तो 'तू' म्हणेल, मी 'तू' म्हणेन, आणि दोघांच्याही मानाला ओरखडा जाणार नाही. सगळा दोष डोंगराचा.

अडचण एवढीच, की फलकावर काहीही लावायचं तर गृहसमितीचा शिक्का लागतो, आणि गृहसमितीचा अध्यक्ष हुमार.

मी अर्ज केला. हुमार माझ्या डोक्यावर राहत असला तरी उत्तर टपालपेटीत आलं. म्हणजे तो चार मजले उतरला, माझ्या पेटीत पाकीट टाकलं आणि चार मजले चढून गेला. पावलं मला घरात ऐकू येत होती. मानाखातर मी दहा मिनिटं थांबलो आणि मग खाली गेलो. पाकिटात लिहिलं होतं: 'सूचनेत ठिकाणाची उंची नमूद नाही.' मी उंची घातली, तेराशे एक्याण्णव मीटर. पुन्हा पावलं, पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा पाकीट: 'समुद्रसपाटीपासून म्हणजे कोणत्या समुद्रापासून? जुन्या मोजणीप्रमाणे ट्रिएस्टेच्या धक्क्यापासून, की नव्या मोजणीप्रमाणे कोपरच्या?'

मी पाकीट हातात घेऊन तिथंच टपालपेट्यांना टेकलो. हा प्रश्न या देशात फार तर चाळीस माणसांना सुचेल, आणि ती चाळीसही आमच्या कचेरीतली. मीच कधीतरी, चांगल्या दिवसांत, त्याला हे सांगितलं असणार. मोजणीचा आरंभबिंदू बदलला तेव्हा अख्ख्या देशाची उंची काही सेंटिमीटरांनी बदलली आणि एकाही माणसाची झोप मोडली नव्हती. हुमारनं ते लक्षात ठेवलं होतं. मला राग आला, आणि रागाच्या तळाशी काहीतरी ऊबदारही वाटलं. मी लिहिलं, 'कोपरच्या.' शिक्का मिळाला.

सूचना लागली आणि सल्ले सुरू झाले.

"अहो रुटार, रविवारी?" स्लावित्साबाई खिडकीतून म्हणाल्या. "रविवारी अर्धा देश लेपेनाच्या दरीत असतो. गाडी कुठं लावाल? आणि दुपारी वीज पडते. माझ्या बहिणीच्या दिराच्या शेजारी पडली होती. म्हणजे झाडावर पडली, पण तो शेजारीच होता. मी येतेय बरं का, माझं नाव घाला."

दुसऱ्या मजल्यावरचा ल्यूबो, निवृत्त पोस्टमन, संध्याकाळी मनगट पुढे करूनच आला. मनगटावर उंची सांगणारं घड्याळ होतं, बशीएवढं. "बूट कोणते घालणार, रुटार?" मी कपाटावरून खोकं काढलं. तीस वर्षांपूर्वी घेतलेले कातडी बूट, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, तेल लावलेले, चार वेळा वापरलेले. नवे दिसत होते. ल्यूबोनं तळवा अंगठ्यानं दाबून पाहिला. "हे सुटतील."

"हे बूट सुटतील? अहो, चार वेळा वापरलेत!"

"म्हणूनच सुटतील," तो म्हणाला. तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटलेल्या माणसाचा सल्ला किती घ्यायचा, याला मर्यादा असते.

यादीत नऊ नावं झाली. एका गाडीत मावेनात, म्हणून मी म्हटलं, अग्निशमन स्वयंसेवकांची व्हॅन मागू. हे मला अचानक सुचलं असं मी सगळ्यांना भासवलं. व्हॅन द्यायची तर दलाचा सभासदच चालक हवा, असा नियम आहे, आणि आमच्या इमारतीत दलाचा सभासद एकच. तोच दलाचा सचिवही. म्हणजे मी हुमारकडे अर्ज करायचा, हुमारनं सचिव या नात्यानं तो तपासायचा आणि चालक या नात्यानं हुमारची नेमणूक हुमारनं करायची. शुक्रवारी पाकीट आलं: 'मंजूर. चालक: अ. हुमार.' मी जिन्यातच एक उडी मारली असती. पण खाली आणखी एक ओळ होती. 'चालक डोंगर चढणार नाही. वाहनापाशी थांबेल.'

तळ्याची वाट जिथून निघते, त्या लेपेनाच्या वाहनतळाची उंची सातशे.

"तीनशे मीटर कमी पडले," मी मिलोयकाला म्हणालो आणि पलंगावर आडवा झालो. एवढ्या कागदांनंतर, एवढ्या जिन्यांनंतर, तीनशे मीटर! तिनं पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "तू झोप. रविवारी न्यायचे काप मी तळेन."

शनिवारी रेडिओनं 'दुपारनंतर काही ठिकाणी गडगडाट' एवढंच म्हटलं आणि नऊतली पाच नावं गळाली. एकाची सासू अचानक आजारी पडली, दोघांना आठवलं की बटाटे काढायचेत. तरी रविवारी पहाटे इमारतीसमोर दहा जागांची लाल व्हॅन उभी होती, आणि तिच्यात आम्ही चौघं आणि चालक. हुमारनं इस्त्री केलेला शर्ट घातला होता. "सुप्रभात, रुटारसाहेब. पट्टा लावा." हा सहा हजार तेविसावा.

सोचा नदीच्या कडेनं रस्ता वर जातो. तिचं पाणी असं हिरवं, की आयुष्य तिच्या काठी काढलेला माणूसही दर वळणावर मान वळवतो. मी वळवली तेव्हा आरशात दिसलं, की हुमारनंही वळवली. मग दोघांनीही सरळ समोर पाहिलं.

वाहनतळावर त्यानं व्हॅन लावली, मागून घडीची खुर्ची काढली, शब्दकोडं काढलं आणि बसला. आम्ही निघालो. पहिल्या महायुद्धात खेचरांसाठी बांधलेली वाट बीचच्या झाडीतून नागमोडी चढते, इतक्या सारख्या चढानं, की ती आखणाऱ्या अनोळखी लष्करी मोजणीदारासमोर मी प्रत्येक वळणावर मनातल्या मनात टोपी काढतो. शंभर वर्षं झाली, तोफा गेल्या, दोन-तीन राज्यं आली-गेली. दगडाला दगड लागलेला अजून हललेला नाही. पण त्या दिवशी मला चढ दिसत नव्हता. मागे झाडांतून लाल व्हॅनचं टप दिसे, दर वळणाला लहान होत चाललेलं, आणि त्याशेजारी एक पांढरा ठिपका. शर्ट.

नऊशे मीटरवर मिलोयका थांबली. "अरेच्चा," ती म्हणाली. "खाण्याची पिशवी व्हॅनमध्येच राहिली."

"सगळी?" स्लावित्साबाईंचा आवाज चिरकला.

"सगळी. काप, काकड्या, सफरचंदाची गोड गुंडाळी."

मी लगेच खाली निघालो. तिनं माझी बाही धरली. छत्तीस वर्षांच्या संसारात ती बाही तिनं तशी दोनदाच धरली आहे. "बस," ती म्हणाली. "दगडावर बस आणि श्वास घे." मग शांतपणे लोकर काढून विणायला लागली. जिला अन्न विसरल्याचं दुःख आहे ती बाई विणकाम आठवणीनं कसं आणते, हे माझ्या लक्षात यायला वीस मिनिटं लागली. एकविसाव्या मिनिटाला खालच्या वळणावर पांढरा शर्ट दिसला.

हुमार घामाघूम होता. चार माणसं उपाशी डोंगरावर जाताहेत आणि तळलेले काप गाडीत तापताहेत, हे त्याच्यातल्या सचिवाला सहन झालं नव्हतं. पिशवी माझ्यासमोर ठेवून तो म्हणाला, "रुटारसाहेब, तुमचं सामान." आणि वळला.

मी उठलो. काहीतरी म्हणायलाच हवं होतं. मी त्यासाठी एक पाऊल पुढे टाकलं. पाय पुढे आला, बुटाचा तळवा मागेच राहिला.

"सुटला!" ल्यूबो आनंदानं ओरडला. "सांगितलं होतं की नाही?"

तळवा खरोखर संपूर्ण सुटला होता, पावाचा खालचा काप निघावा तसा. दुसरा बूट मी हलवून पाहिला, तर तोही निघाला. मी मोज्यांवर उभा होतो, नऊशे मीटर उंचीवर, चौतीस वर्षं ज्यानं या प्रांताचे नकाशे केले तो माणूस, आणि बाजूनं उतरणारी दोन जर्मन पोरं मला आमच्याच भाषेत हसत 'दोबर दान', शुभ दिन, म्हणत होती.

हुमार थांबला. त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं, मग आकाशाकडे, जणू तिथून लेखी सूचना येईल. मग खिशातून तारेचं भेंडोळं आणि पक्कड काढली. आगीला जाणाऱ्या माणसाच्या खिशात ही असतातच. तो गुडघ्यावर बसला, माझा पाय मांडीवर घेतला आणि बुटाभोवती तार आवळू लागला. माझी मान कुठं ठेवावी हे मला कळेना. ज्याला अकरा वर्षं 'तुम्ही' म्हटलं, त्याच्या मांडीवर आपला पाय असावा आणि मोज्याला भोक असावं!

"दर दीडदोनशे पावलांनी आवळावी लागेल," तो उठत म्हणाला. सगळ्यांना उद्देशून. कोणाला उद्देशून नाही.

"मग तुम्हांला यावंच लागेल, हुमार," मिलोयका सुया गुंडाळत म्हणाली. "तार काही माझ्याच्यानं आवळत नाही."

हुमारनं खाली व्हॅनकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे. आणि चढू लागला.

हजार मीटर नेमके कुठं, यावर पुढे भांडण झालंच. ल्यूबोचं घड्याळ म्हणालं, आले. स्लावित्साबाईंचा फोन म्हणाला, अजून चाळीस आहेत. मी चालत राहिलो. नकाशावरची ती रेषा मीच ओढलेली होती. वाटेच्या एका वळणावर शेवाळ चढलेला सैन्याचा मैलाचा दगड आहे, त्याच्या वरच्या कडेतून ती जाते. तो दगड समोर होता, वीस पावलांवर. माझं काळीज असं धडधडत होतं, की चढाला दोष द्यायची सोय होती म्हणून बरं.

ओलांडला. ल्यूबोनं ब्लूबेरीच्या घरगुती ब्रँडीची चपटी बाटली काढली. "आता सगळे 'तू'! स्लावित्सा, तू घे!"

"दे रे मेल्या," स्लावित्साबाई म्हणाल्या. "अरे रुटार, तुला एक सांगू? खाली सांगता येत नव्हतं. तुझं पोट पुढच्या वळणावर आधी पोचतं, मग तू." त्या सतरा वर्षं हे वाक्य पोटात ठेवून होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

हुमार चालक, म्हणून त्यानं थर्मासच्या झाकणात चहा घेतला. मिलोयकाला म्हणाला, "तुझे काप जड आहेत गं." स्लावित्साला काहीतरी म्हणाला. मग माझ्याजवळ आला. त्यानं माझ्या बुटाकडे पाहिलं.

"पाय वर कर," तो म्हणाला.

'वर करा' नाही. वर कर. मी पाय वर केला. जगातल्या कुठल्याही सत्काराला मी इतक्या तत्परतेनं उभा राहिलो नसतो.

तळ्याबद्दल मी काय लिहू? तेराशे एक्याण्णव हा आकडा मी शेकडो कागदांवर लिहिला आहे. तीस वर्षांपूर्वी मी तिथं यंत्र घेऊन आलोही होतो. पण आमच्या जुन्या दुर्बिणींत जग उलटं दिसायचं. तीन दिवस मी ते तळं एक डोळा मिटून, उलटं, केसाएवढ्या बारीक उभ्या-आडव्या रेघांमधून पाहिलं, टिपणं घेतली आणि उतरलो. त्यानंतर आज. झाडी संपली, खुरटे पाइन संपले, आणि चढावर एकदम काहीच उरलं नाही. खाली पाणी. भोवती करड्या खडकांची भिंत, इतकी उंच, की टोपी पडेपर्यंत मान मागे न्यावी लागते. आणि ती सगळीच्या सगळी पाण्यात उलटी. कडे, घळी, सावलीत राहिलेली बर्फाची एक पट्टी, आणि अगदी तळाशी आकाश. मी ते लगेच ओळखलं. माझंच तळं होतं, दुर्बिणीतलं. तीस वर्षं ज्याला मी यंत्राचा दोष समजत होतो, तसं ते खरंच होतं. फक्त दुसरा डोळाही उघडायला हवा होता.

मला मोजायची सवय आहे: स्लावित्सा अकरा मिनिटं गप्प होती. ल्यूबोनं घड्याळाकडे पाहिलं नाही. पलीकडच्या काठावर एका गायीची घंटा वाजली आणि तिचा आवाज पाण्यावरून चालत यावा तसा आला. मला वाटलं, एवढा अवाढव्य डोंगर इथं कोट्यवधी वर्षं बसलाय, आणि त्याच्या पायाशी पाच माणसं तळलेले काप खाताहेत, आणि त्यानं ते चालवून घेतलंय. त्यानं आम्हांला जागा दिली होती. अठरा सेंटिमीटर कोणी आत आलंय का, हे पाहिलं नव्हतं.

मी आणि हुमार एका दगडावर बसलो होतो. मध्ये काकड्यांची बरणी.

"झोफ्काला इथं यायचं होतं," तो म्हणाला. "मी म्हणायचो, पुढच्या वर्षी."

मी म्हणालो, "बेर्ती, त्या दिवशी फीत... जुनी होती. उन्हानं ताणली गेली असेल. मोजण्यात चूक झाली असेल."

"खोटं बोलू नकोस," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "तुला ते कधी जमलंय? फीत बरोबर होती. अठरा म्हणजे अठराच. चुकला होतास तू."

"हो," मी म्हणालो.

"सभेत वाचायला नको होतंस. घरी येऊन सांगायचं होतंस. मी तुला कॉफी दिली असती आणि आपण दोघांनी मिळून ते हलवलं असतं, पावसाळी दिवशी, मुळांना माती ठेवून."

"हो."

"आणि मीही जुलैत कुदळ घेतली. रागानं. झाडं रागानं हलवत नाहीत." त्यानं काकडी चावली. "मोजे बदल. भोक आहे."

एवढंच. तिघं जण थोडं लांब बसून आमच्याकडे अजिबात पाहत नव्हते, इतकं अजिबात नाही, की मिलोयकाच्या सुयांवर त्या वेळात एकही टाका पुढे सरकला नाही.

परतताना गडगडाट आला, तोही दुसऱ्याच डोंगरावर. उतारावर माझी तार सारखी सैल पडत होती, म्हणून मी आणि हुमार मागे राहिलो. तो दर वळणाला वाकायचा, आवळायचा, उठायचा. आणि मला आता नवीनच भीती वाटायला लागली. वर मिळालेला 'तू' हा रीतीचा 'तू' होता. तो ल्यूबोलाही मिळाला होता, तळ्याजवळच्या डोंगरी आश्रयगृहात चहा ओतणाऱ्या माणसालाही. अजून थोड्या वेळानं तो मैलाचा दगड येईल, आणि रीत संपेल. चढताना ज्या रेषेसाठी मी एवढे जिने झिजवले, तिच्याकडे उतरताना माझे पाय उचलेनात. सात वळणं राहिली. पाच. हुमारही हळू चालत होता. तारेमुळे असेल.

दोन वळणं राहिली तेव्हा तो थांबला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "वोयको, रेषा आली का रे?"

दगड खाली दिसत होता, शेवाळलेला.

"अजून नाही," मी म्हणालो.

आम्ही दगडाशी पोचलो. तो माझ्या डाव्या पायापासून एका हातावर होता. हुमारनं त्याच्याकडे पाहिलं. न्यायालयातला कारकून, त्यानंही चढताना तो पाहिला असणार, आणि माझा चेहराही.

"आली का?"

चौतीस वर्षं मी कोणाचीही रेषा बोटभर हलवलेली नाही. दोन महापौर, एक बिशप आणि माझा सख्खा मेहुणा, सगळ्यांना मी नाही म्हटलं आहे. त्या नकाशावर माझी सही आहे.

"अजून नाही," मी म्हणालो.

"बरं," हुमार म्हणाला. "तुझं काम तुला माहीत."

वाहनतळावर, सातशे मीटरवर, त्यानं खुर्ची घडी करताना विचारलं, "आली?" मी म्हणालो, "नाही बाबा." ल्यूबोनं घड्याळ वर करून तोंड उघडलं आणि मिलोयकानं त्यात सफरचंदाची गुंडाळी कोंबली. नदीकाठच्या रस्त्यावर हुमारनं विचारलं नाही. तो शीळ घालत होता. शाळेतली, एकदम बेसूर.

आमचं तोल्मिन दोनशे मीटर उंचीवर आहे. स्लावित्साबाई दारात "शुभ रात्री, रुटार, तुमचे बूट टाकून द्या" म्हणून आत गेल्या. त्यांचा 'तुम्ही' परत आला होता, ठरल्याप्रमाणे. आम्ही जिना चढलो. तिसऱ्या मजल्यावर माझं दार. हुमार दोन पायऱ्या पुढे जाऊन कठड्यावरून वाकला.

"आणि कोपरला?" त्यानं विचारलं. "तिथला तो धक्का म्हणजे तर तुझ्या कचेरीचं शून्यच की. तिथं काय होणार?"

मी किल्ली शोधायच्या निमित्तानं खिसे चाचपले.

"सांगता येत नाही, बेर्ती," मी म्हणालो. "तिकडची रेषा मला स्वतः येऊन मोजावी लागेल."

तो चौथ्या मजल्यावर गेला. दार उघडल्याचा आवाज आला. मग जिन्यातून त्याचा आवाज खाली आला.

"ये. पण फीत घरी ठेवून ये."